मान-बोक तांडेलाचा इन्व्हर्टर

छॉन मान-बोक त्या सकाळी धक्क्यावर आला तो डाव्या पायाचा बूट उजव्या पायात घालून. छातीशी धरलेला नवाकोरा दोन हजार वॅटचा इन्व्हर्टर होता आणि त्या खोक्यापुढं त्याला पाय कुठले दिसायला. त्रेसष्ट वर्षांचा गडी, पण अंगात नुसती लगबग.

थोंगयोंगजवळच्या त्या बेटावर पाणबुड्या बायांना दर्यात नेणाऱ्या नावा दोनच. एक मान-बोकची, दुसरी मा नावाच्या तांडेलाची. गेल्या साली मा तांडेलानं नावेवर कढत पाण्याची सोय केली आणि मान-बोकच्या नऊ बायांपैकी तीन तिकडं गेल्या. उरलेल्या सहांची म्होरकी बू ऑक-जा, जेजू बेटावरची, एकाहत्तरीची. तिनं तोंडावर सांगितलं होतं, "परवा समुद्रकाकडीचा हंगाम उघडतोय. पहिला दिवस तुझ्या नावेवर येतो. पाण्यातनं वर आल्या आल्या रबरी कपड्यात ओतायला कढत पाणी मिळालं तर ऱ्हातो. न्हाईतर दुसऱ्या दिवसापासनं माची नाव." गॅसची शेगडी लाटेत दोनदा कलंडली होती, तेव्हा तिचं नावच नको. विजेची किटली हवी आणि किटलीला इन्व्हर्टर. बाया गेल्या तर नाव म्हणजे नुसतं तरंगतं लाकूड.

गावातनं प्यो मिस्त्री आला.

"इंजिनाच्या खणात बसव," मान-बोक म्हणाला. "बॅटरी तितंच हाय."

"बसवतो की. एका हिवाळ्यात धग आन् खारं पाणी मिळून त्याचं लोणचं घालतील."

"मग बॅटरीच्या वर फळी ठोकू."

"बॅटरीतनं वायू सुटतो, तांडेल. एक ठिणगी पडली की तू, नाव आन् तुझी मिशी, तिघं एकदमच आभाळात."

प्यो केबिनमध्ये शिरला, तांडेलाच्या झोपायच्या फळीवरची गादी उचलली आणि खालचा कप्पा उघडला. ठणठणीत कोरडा. मधल्या भिंतीपलीकडं बॅटरी, हातभर अंतरावर.

"हितं. झाकण काढून टाकायचं, गादी घरी न्यायची. ह्याला वारं लागतं."

मान-बोकचं तोंड उतरलं. बाया बुडी मारायला उतरल्या की तो त्या गादीवर घटकाभर पडायचा. त्याचा बापही पडायचा. कप्प्यात मान-बोकच्या दारूच्या बाटल्या होत्या, त्या वेगळ्याच.

"समोरच्या भिंतीवर लाव."

"चार मीटर वायर जाईल. बॅटरीचा निम्मा जोर वाटंतच गळंल. मनगटाएवढी जाड वायर हाय का तुझ्याकडं?"

"दोर ओढायच्या जुन्या रहाटाची वायर हाय की घरात."

प्योनं ती बारीक वायर बघितली, हत्यारं पिशवीत भरली आणि म्हणाला, "मग तूच लाव बाबा."

मान-बोकनं लावला. कोपऱ्यात नावेच्या देवीची जागा होती, घडी घातलेला पांढरा कागद, दोऱ्याची लड, पाचरंगी चिंध्या. तिच्या बरोबर पायाशी त्यानं इन्व्हर्टर ठोकला. बल्ब लागला, रेडिओ वाजला. तेवढ्यावरच गडी असा हरखला, की किटली लावून बघायची शुद्धच राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी दर्या ताटागत सपाट होता. सहाही बाया उतरल्या. मान-बोकनं इंजिन बंद केलं, किटली भरली, बटण दाबलं.

कोपऱ्यातनं आवाज आला. चींऽ चींऽ चींऽ.

मान-बोकच्या अंगावर सरसरून काटा आला. नावेची देवी रडली की वादळ येतं, हे त्या बंदरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्याच्या बापानं एकदा ते ऐकलं होतं, नाव माघारी वळवली होती आणि जगला होता. मान-बोकनं भोंगा दाबला तो दाबलाच.

"वर या समद्या. देवी रडतीया."

बाया वर आल्या. कुणी चेष्टा केली नाही, दोघींनी तर कोपऱ्याकडं हात जोडले. ऑक-जाचे दात वाजत होते. "रडू दे. आधी पाणी दे."

पाणी कोमट. तेवढ्यात मान-बोकनं इंजिन सुरू केलं आणि आवाज थांबला.

"बघ आक्का, घरला निघालो तशी गप झाली."

ऑक-जानं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा किटलीकडं. किटलीचं बटण बंद केलं. "इंजिन बंद कर."

सगळं शांत. तिनं बटण दाबलं. चींऽ चींऽ. बंद केलं. शांत. पुन्हा दाबलं. चींऽ.

"तांडेला, तुझी देवी आधण ठेवलं की रडती व्हय रं?"

बाया हसून डेकवर लोळायच्या बाकी राहिल्या. एकीनं माच्या नावेकडं बोट केलं. तिथनं वाफ दिसत होती.

"जोर पुरंना म्हणून तुझं खोकं बोंबलतंय. प्योनं ते कुठं लाव म्हणून सांगितलं हुतं?" ऑक-जानं विचारलं.

मान-बोक केबिनमध्ये शिरला. मग त्यानं गादी ओढली आणि गुंडाळून नाळेवर, नावेच्या पुढच्या टोकाला फेकली. बाटल्या एकेक करून बायांच्या हातात दिल्या. बॅटरीची तार आधी सोडली, भिंतीवरचा इन्व्हर्टर उतरवला, चार मीटरची वायर हातभर ठेवून कापली आणि खोकं गादीखालच्या कप्प्यात बसवायला घेतलं. एकीनं विजेरी धरली, दुसरी स्क्रू देत होती, तिसरी म्हणत होती, "आम्ही खाली श्वास कोंडून मरतो आन् हा वर घोरतो, आता घोर बघू." मान-बोक स्क्रू आवळत राहिला.

बटण दाबलं. सगळ्यांनी कान टवकारले. आवाज फक्त पाण्याचा, आधी गुणगुण, मग खळखळ. ऑक-जानं मान वाकवली. मान-बोकनं थंड पाण्यानं विसणलेलं कढत पाणी तिच्या कपड्याच्या गळ्यातनं आत सोडलं. म्हातारीनं डोळे मिटले आणि म्हणाली, "आणिक."

दुपारभर त्या पुन्हा पुन्हा उतरल्या. मान-बोक पहिल्यांदाच अख्खी दुपार उभा राहिला आणि कोण कुठं वर येतंय ते बघत राहिला.

संध्याकाळी धक्क्याला लागल्यावर बायांनी नेहमीसारखे आपापले तरंगते भोपळे, बुड्यांच्या मध्ये पाण्यावर टेकायचे, घरी न्यायला खांद्यावर घेतले. ऑक-जा दोन पावलं गेली, माघारी आली, भोपळा नावेच्या कठड्याला बांधला.

"रोज कोण ने-आण करतंय."

बाकीच्या पाचजणींनीही बांधले. त्या गेल्यावर मान-बोकनं सहाही गाठी पुन्हा आवळल्या. एकही सैल नव्हती.