बोलाबोलीचं रीळ

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो माझ्या हट्टाने. टेबल माझं, फोनची लाईन माझी, आणि सिनेमा-नाटकांवर प्रेक्षकांनी अभिप्राय लिहायच्या एका मराठी वेबसाइटवर खातंही माझंच. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. वेबवर देवनागरी उमटवायची म्हणजे फॉन्टशी कुस्ती, म्हणून आम्ही सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचो आणि वाचताना डोळे फोडून घ्यायचो. तरी कचेरीतून आलो की चहाचा कप घेऊन मी आधी तिथे बसे. रत्नागिरीत बसून मुंबई-पुण्याच्या, अगदी अमेरिकेतल्या माणसांशी सिनेमावरून भांडता येतं, याचं मला फार अप्रूप होतं.

मी लिहायचो ते सविस्तर. कथा, पटकथा, संगीत, छायाचित्रण, प्रत्येकाला वेगळे गुण. शेवटी एकूण गुण. लोक वाचायचे की नाही कोण जाणे, पण गावात माझ्याइतकं व्यवस्थित लिहिणारा दुसरा कोणी नाही, अशी माझी खात्री होती. दुसरा कोणी नव्हताच. दुसरी होती आणि ती माझ्याच घरात होती.

बायको शिक्षिका, तिची शाळा सकाळची. दुपारी ती मोकळी असे. माझी आई त्या वर्षांत अंथरुणाला खिळलेली होती, तिच्यापाशी सतत कोणीतरी लागे. दुपारी शेजारच्या खाला, आमच्या मुसलमान मावशी, येऊन बसत. त्यांचे दोघे मुलगे आखातात, घरात एकट्या, त्यांनाही गप्पांना आई बरी पडे. संध्याकाळी मात्र त्यांना त्यांच्या घरचं असे. त्यामुळे आमची वाटणी ठरून गेली होती. बायको सिनेमाला बाराच्या खेळाला जायची, मी सहाच्या. एकाच टॉकीजमध्ये, एकाच आठवड्यात, पण दोघांनी मिळून शेवटचा सिनेमा कधी पाहिला होता ते कोणालाच आठवत नव्हतं.

एका दुपारी ती सिनेमाहून आली आणि माझं खातं उघडंच होतं म्हणून तिने त्यावर पाच-सहा ओळी लिहिल्या. मला सांगायचंही राहून गेलं. दोन दिवसांनी वेबसाइट चालवणाऱ्या गृहस्थांची मेल आली. ते मुंबईचे, नोकरी सांभाळून हा उद्योग करणारे. आपण आजवर लिहिलेल्यात हे सर्वात चांगलं आहे, असंच लिहीत जा, असं त्यांनी कळवलं होतं. मी छाती फुगवून ते लिखाण उघडलं. त्यात गुण नव्हते, छायाचित्रण नव्हतं. सिनेमातली आई मुलाला नकार देताना लुगड्याची घडी घालत असते आणि घडी चुकते, एवढंच होतं. मी रागाने लाल झालो. त्याच संध्याकाळी मी तिला वेगळं खातं उघडून दिलं. तिला वाटलं मी कौतुकाने दिलं.

त्यानंतर महिन्याभरात तिच्या लिखाणावर 'निवडक' असा शिक्का पडायला लागला. माझ्या लिखाणावर तो कधीच पडला नाही. मी तिला म्हणे की तू वर्णन करतेस ते प्रसंग सिनेमात नसतातच, तू मनाचे घालतेस. ती म्हणे, होते की. मग भाजी चिरायला बसे. तिचं ते न भांडणंच मला जास्त झोंबे.

याच सुमारास त्या वेबसाइटवर फार घाण झाली. पाच वेगवेगळ्या नावांनी एकच स्तुती यायची, स्वल्पविरामासकट तीच. कुणी नुसतं 'भंगार' एवढंच लिहून जाई. नटांचे भक्त एकमेकांच्या घरादारावर घसरत. काही जण तर जाहिरात बघूनच मत देऊन मोकळे होत. मुंबईच्या गृहस्थांनी कंटाळून सर्वांना सूचना मागितल्या. ही माझी संधी होती. अभिप्राय तपासायला एक मॉडरेटर नेमणार असं त्यांनी लिहिलं होतं, आणि ती जागा मला हवी होती, मनापासून हवी होती. मी दोन रविवार बसून सूचना लिहिल्या. त्यातली पहिली अशी होती: चित्रपट पूर्ण न पाहता लिहिलेला अभिप्राय ठेवू नये, मग तो कोणाचाही असो.

उत्तर लगेच आलं. आपल्या सूचना फार मोलाच्या आहेत, पहिला नियम तर आम्ही शब्दशः घेत आहोत. आणि पुढे: अंमलबजावणीसाठी आपल्या सौभाग्यवतींना विचाराल का?

मी विचारलं. दुसरं काय करणार. ती म्हणाली, जमेल मला, भात शिजेपर्यंत एवढं होऊन जाईल.

आणि तिला जमलं, हे सगळ्यात वाईट. मी असतो तर सरसकट काट मारली असती. ती 'भंगार' लिहिणाऱ्याला विचारायची की बाबा, नक्की कुठे कंटाळा आलास तेवढं सांग. तो सांगायचा, आणि बऱ्याचदा चांगलं सांगायचा. जे मला शिव्या देत तेच तिच्याशी अदबीने बोलत. माझे अभिप्रायही तिच्या नजरेखालून जायचे. स्वयंपाकघरातून तिचा आवाज येई, अहो, छायाचित्रण सुंदर म्हणजे काय दिसलं तुम्हाला? मी ऐकू न आल्यासारखं करायचो.

मग तो सिनेमा आला. एक कडक बाप, मुलीने पसंत केलेल्या मुलाशी तिच्या लग्नाला त्याचा ठाम विरोध, आणि शेवटी तोच बाप मांडवात अक्षता टाकतो. मी सहाच्या खेळाला जाऊन आलो आणि सडकून लिहिलं. मध्यंतरापर्यंत राक्षस असलेला बाप एकाएकी मऊ कसा होतो? मधलं सगळं दिग्दर्शकाने झोपेत केलं काय? लिहून मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर माझा अभिप्राय गायब. त्या जागी एक ओळ, नियमानुसार काढला आहे. नियम म्हणजे माझाच.

एका मुंबईकर वाचकाने तक्रार केली होती की रत्नागिरीची माणसं सिनेमा न बघता लिहितात. तसा एक अभिप्राय इथे सिनेमाला आलेल्या देवरूखच्या माणसाचाही होता, तोही तिने काढला होता. मी तिच्यावर भडकलो. घरी न येता, उपाशीपोटी मी अडीच तास त्या मोडक्या खुर्चीत बसलो होतो. नवऱ्याला खोटं ठरवायला लाज वाटत नाही काय, असं बरंच काही बोललो. आतल्या खोलीतून आईने, काय झालं रे, म्हणून हाक मारली.

बायको शांत होती. तिने विचारलं, "मग बाप मुलाच्या घरी जातो ते तुम्हाला कसं दिसलं नाही?"

बाप कोणाच्याच घरी जात नाही, असं मी ठासून सांगितलं. तेव्हा तिने सगळं सांगितलं. बाप एकटाच मुलाच्या घरी जातो, ओटीवर बसतो, कोणीतरी पाणी आणून देतं. ज्यासाठी आला ते न बोलताच पावसापाण्याच्या गप्पा मारतो आणि उठून परत येतो. सिनेमातला सगळ्यात चांगला भाग तोच, असं ती म्हणाली. बोलता बोलता ती मध्येच थांबली आणि तिने मला विचारलं की तुम्ही कितीच्या खेळाला गेला होतात.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून येताना मी टॉकीजच्या मॅनेजरना गाठलं. त्यांना काहीच लपवायचं नव्हतं. संध्याकाळच्या खेळाला निम्मी माणसं खेड्यातली, ती वस्तीच्या शेवटच्या एसटीने परत जातात. सिनेमा लांबीला जास्त असला की मध्यंतरानंतरचं एक रीळ ते चढवतच नसत. हे गावोगावच्या नेहमीच्या प्रेक्षकांना माहीत होतं. आम्हा शहरातल्यांना घरी चालत जायचं असतं, आम्हाला कोण सांगणार.

"गाडी चुकली तर मानसं परत येतील काय आमच्याकडे?" ते म्हणाले. "मारामारीला नि गान्याला हात लावत नाय. बोलाबोलीचंच रीळ ठेवतो बाजूला."

ते ऐकून मला जो आनंद झाला तो प्रमोशन मिळाल्यावरही झाला नव्हता. म्हणजे ती हुशार नव्हती, तिला फक्त जास्त दाखवलं जात होतं. बाराच्या खेळाला बायकाच जास्त, त्यांना कुठली गाडी पकडायची नसते, त्यांना अख्खा सिनेमा मिळतो. इतके दिवस ती शांत प्रसंगांवर लिहीत होती आणि मला तेच प्रसंग कापून मिळत होते. घडी चुकणारी आईसुद्धा बाजूला ठेवलेल्या रिळातच गेली असणार. मी घरी येऊन हे सगळं आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं.

बायकोने माझा आणि देवरूखच्या माणसाचा अभिप्राय परत लावला. खाली टीप दिली की या प्रेक्षकांना चित्रपटातला काही भाग दाखवलाच गेला नव्हता. यापुढे प्रत्येकाने टॉकीज कुठलं आणि खेळ कितीचा तेही लिहावं, असं तिने सुचवलं. त्या मुंबईकर वाचकाने माफी मागितली. मुंबईच्या गृहस्थांनी नव्या नियमाचं तोंडभरून कौतुक केलं, अर्थात तिचं.

पण आता मला हिशेब चुकता करायचा होता. मी तिला म्हटलं, पुढचा सिनेमा दोघं बाराच्या खेळाला बघू, शेजारी बसून, आणि एकमेकांना न दाखवता लिहू. मग कळेल. ती खूश झाली. खालांनी तिला सांगितलं की निवांत जा, आणि मला कधी नव्हे ते शहाणा म्हणाल्या. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बायकोने ठेवणीतली साडी नेसली. हे कशासाठी, ते माझ्या लक्षात आलं नाही, कारण माझं लक्ष स्पर्धेवर होतं.

सिनेमा एका म्हातारीचा होता. मुलगा परगावी निघालेला, ती त्याला निरोप देते, असं बरंच. मध्यंतरात आम्ही शेंगदाणे घेतले. घरी आल्यावर मी झपाट्याने लिहून काढलं, यावेळी गुणांशिवाय, अगदी तिच्यासारखं. मुलगा गेल्यावर म्हातारी दार लावून घेते यावर मी चार हळव्या ओळी लिहिल्या होत्या. लिहून झाल्यावर तिला बोलावलं. ती खुर्चीत बसली, वाचलं, आणि पुन्हा एकदा वाचलं.

"दार लावते, आणि मग परत उघडून ठेवते," ती म्हणाली. "ते नाही लिहिलंत?"

मी म्हटलं, असं काही नव्हतं. पुन्हा तेच रीळ ठेवलं असेल बाजूला.

"आज कोणी काही ठेवलं नाही बाजूला. मध्यंतरानंतर तुम्ही पडद्याकडे होतात कुठे? सारखे माझ्या तोंडाकडे बघत होतात."

ते खरं होतं. ती कुठे बघते, काय टिपते, शेंगदाणे चावायची कधी थांबते, याच्यावरच माझी नजर होती. एकदा ती थांबली होतीही, चांगला बराच वेळ. तेव्हा पडद्यावर काय चाललं होतं ते मला सांगता येईना.

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. इतक्या वर्षांनी बरोबर गेलो होतो हो, एवढंच म्हणाली. मग माझ्या अभिप्रायाखालचं बटण दाबून तिने तो काढून टाकला आणि कारणाच्या रकान्यात माझाच नियम टाकला, त्यातल्या 'मग तो कोणाचाही असो' सकट. मी त्या वाक्यात पळवाट ठेवली नव्हती.

दोन दिवसांनी तिच्या लिखाणावर नेहमीचा शिक्का पडला. जळफळाट नेहमीसारखाच झाला आणि तरी मी ते उघडून वाचलं, कारण म्हातारी उघड्या दारात कोणाची वाट बघत बसते ते मला जाणून घ्यायचं होतं.