पुलाच्या अलीकडे

पाकिस्तानातल्या सिंधहून आलेले ते कापडवाले शेठ महिन्या-दोन महिन्यांनी आमच्या कलेक्टर ऑफिसात यायचे. नागरिकत्वाचा अर्ज करून त्यांना अकरा वर्षं झाली होती. बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत. कागदांची पिशवी छातीशी धरून विचारायचे, "साहेब, वरून काही आलं का?"

"अजून नाही," मी म्हणायचो.

मग तेच मला समजावायचे, "बराबर आहे. टाइम तर लागतोच. काही जल्दी न्हाई."

नागरिकत्व मिळेपर्यंत कागदावर त्यांना जालना जिल्ह्यातच राहण्या-फिरण्याची मुभा होती. मुलगी गेवराईला दिलेली, म्हणजे गोदावरीपलीकडे, दुसऱ्या जिल्ह्यात. लग्नामुळे तिचे नागरिकत्वाचे कागद झाले होते. नातीच्या बारशाला शेठनी मलाही जीपमध्ये घेतलं. शहागडचा पूल दिसला तसे ते एकटे खाली उतरले.

"चला हो शेठ, मी आहे ना सोबत."

"तुम्ही आहात म्हणून तर न्हाई येत. उद्या तुमच्यावर यायचं."

बारसं उरकून मुलगी बाळाला घेऊन अलीकडे आली. शेठ टपरीवर बसून होते. त्यांनी हात धुऊन, पुसून नात घेतली. बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले.

"हिला अर्ज न्हाई करावा लागणार," एवढंच म्हणाले.

पुढच्या महिन्यात ते ऑफिसात आले. तेच उभं राहणं, तोच प्रश्न. "अजून नाही" माझ्या ओठांवर आलंच होतं. पण मी उठलो, कपाट उघडलं आणि त्यांची फाइल शोधू लागलो.

अकरा वर्षांत पहिल्यांदा.