सोमवारचं यंत्र

"सोमवारी आपली दोरी रिकामी! समोरच्या मिसेस ओपनशॉने विचारलं, घरात कुणी गेलं का म्हणून," आजी कडाडली.

"मग सांगायचं ना, सून गेली. कामाला," आई बटाटे सोलत म्हणाली.

मँचेस्टरच्या आमच्या गल्लीत सोमवारी घरोघरी धुणं असे. एकावन्न साली विद्यापीठातलं नवं गणकयंत्र आईच्या गटाला नेमकं सोमवारीच मिळू लागलं. आई त्याच्यासाठी कागदी फितींना भोकं पाडायची; त्या भोकांतूनच यंत्राला हुकूम मिळत. यंत्राला विचार करता येतो का, हे पाहायला तिथली मंडळी त्याला ड्राफ्ट्स हा पटावरचा सोंगट्यांचा खेळ शिकवत होती. गेल्या सोमवारी त्याच्यासमोर आईला खेळायला बसवलं होतं. आता दर सोमवारी ये म्हणत होते.

"यंत्र विचार करतं म्हणे!" बाबा हसले. "आमच्या गिरणीतला बॉयलरही करतो. सोमवारी तर रुसूनच बसतो."

"ते हरलं, वॉल्टर. पण हरण्याआधी त्यानं आपली एक सोंगटी मला मारू दिली आणि लगेच माझ्या दोन उचलल्या. ही चाल फितीवर कुणीच घातली नव्हती. फिती मी स्वतः केल्यात. सगळे प्राध्यापक उठून उभे राहिले. मीसुद्धा."

माझ्या शाळेतल्या बक्षिसाचं सांगतानाही तिचा आवाज असा ताठ झाला नव्हता. मला एकदम वाटलं, धावत जाऊन गल्लीभर सांगावं.

"पण धुणं?" आजीने विचारलं.

आईने हात पुसले.

"या घरात यापुढे धुणं मंगळवारी होईल. आणि सोमवारी जेवणाचं वॉल्टर बघेल."