रामरामासाठी खाली येणारी सीट

अण्णांना माती देऊन आत्ता घरी आलो आणि माझं डोकंच चालून न्हाई राह्यलं.

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. कुंभार पिंपळगावचे. डावा गुडघा आखडलेला, सरळ व्हायचाच न्हाई.

माझी गिअरची माउंटन बाईक जालन्यात धूळ खात पडल्ती. ती त्यांना नेऊन दिली. गिअर आवडले, सीट न्हाई आवडली.

"लई उंचावर बसवती रे. उतरायचं कसं?"

"उतरायचं कशाला अण्णा? सरळ शेतात जायचं."

"आन् रस्त्यात माणूस भेटलं तर? वर बसूनच रामराम घालू? माजला म्हणतील!"

मोठं माणूस दिसलं की सायकलवरून उतरून रामराम घालायचा. आमच्याकडच्या जुन्या माणसांची रीतच ती.

गुडघ्यामुळं उतरणं जमंना, म्हणून अण्णांनी सायकलच सोडल्ती. घरात गप्प बसून राहायचे. बघवत नव्हतं.

मंग मी ड्रॉपर शोधायला लागलो. सीटखालचा दांडा असतो. हँडलवरचं बटन दाबून वजन टाकलं की सीट खाली, वजन काढून दाबलं की परत वर.

अरे देवा, काय त्यात प्रकार!

सीट किती खाली यावी? सव्वाशे मिलिमीटर, दीडशे, एकशेसत्तर. दांड्याची जाडी वेगळी. केबल आतून का बाहेरून? व्हिडिओ पाहू पाहू डोकं गरगरलं.

दुकानदार फोनवर म्हणाला, "सर, तुमच्या डोंगरातल्या ट्रेलवर उतार किती आहेत?"

"उतार न्हाईत हो. रामराम लई आहेत."



मंग तो म्हणे पायाचं माप पाठवा. मोठीआईनं, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, टेप लावला. दोन पायांची दोन मापं! आता कोणतं पाठवू?

अण्णा म्हणाले, "ज्या पायावर उतरतो त्याचं दे."

बराबर होतं का चूक, मला आजबी कळलं न्हाई. दीडशेचा मागवला. बसला बिचारा, नशीब.

पहिल्या दिवशी अण्णा सकाळी निघाले ते शेतात दुपारी पोचले. रस्ताभर उतरू उतरू रामराम! मोठीआई डबा घेऊन खोळंबलेली.

"एवढा खर्चा करून तू यांना अजून उशीर लावून राह्यला!"

अण्णा हसत होते. कित्येक महिन्यांनी. मला लई बरं वाटलं.

आज त्याच रस्त्यानं त्यांना नेलं.

लोकं मोटरसायकली बंद करून, खाली उतरून, हात जोडून उभी होती. ट्रॅक्टरवालाबी उतरला.

मी पुढून खांदा दिल्ता. माणूस दिसलं की माझा पाय आपोआप थांबायचा. वाटायचं, आता अण्णा उतरतील.

मागून कोणी म्हणायचं, "चल रे बाबा, पुढं चल."

अण्णा, तुम्ही खांद्यावर होते. माझे हात मोकळे नव्हते. तुमच्या वतीनं सगळ्यांना नुसत्या मानेनंच रामराम केला.

चाललं असंल का हो?

तुम्हाला मात्र हात जोडून. शेवटचा रामराम, अण्णा.