पहिलीच्या बाईंचा दाखला

"आधी हात बघू," असं म्हणून बाई पहिलीत आलेल्या प्रत्येक पोराचा हात हातात घ्यायच्या. बोटं एकेक करून दाबायच्या, मनगट हलवून बघायच्या आणि आईला सांगायच्या, "हात अजून कच्चा हाय. पेन्सिलची घाई नको." मग ते पोर काही दिवस वाळक्या सुपाऱ्या चिमटीत धरून डब्यात टाकत बसायचं. गणपतीच्या सुट्टीपर्यंत ते लिहायला लागलेलं असायचं.

तुमच्याही गावात अशा एखाद्या बाई असतील. आमची शाळा श्रीवर्धनच्या अलीकडची, चौथीपर्यंतची, गावच्या मंडळाने चालवलेली. मी मुख्याध्यापक. पहिलीच्या शिक्षिका लग्न होऊन गेल्या तेव्हा मंडळाने या बारावी पास बाईंना दोन महिन्यांसाठी घेतलं. त्या एकोणीस वर्षं राहिल्या.

स्वभावाने गरीब, पण जीभ तिखट. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरेबुकात लांबलचक शेरा लिहिला. त्याचं अक्षर मला लागेना, दुसऱ्या गुरुजींनाही लागेना. बाईंनी वही उलटसुलट करून पाहिली आणि शांतपणे म्हणाल्या, "पेन्सिल लवकर दिली असणार."

त्यांना एकच गोष्ट हवी होती. डी.एड. करायचं होतं. नुसतं शिकवणं नको, शिक्षिका म्हणवून घेण्याचा हक्क हवा होता. एका वर्षी सरकारने संधी दिली. प्रशिक्षण नसलेल्या शिक्षकांना नोकरीत राहून परीक्षा देता येणार होती. बाईंनी सुंदर अक्षरात अर्ज भरून माझ्या टेबलावर ठेवला. माझी सही तेवढी हवी होती.

मी सही केली नाही. अभ्यासवर्ग अलिबागला, ऐन शाळेच्या दिवसांत. तेवढे दिवस पहिली कोण सांभाळणार? मी त्यांना म्हणालो, पुढच्या वर्षी बघू. तेव्हा मला ते शाळेच्या हिताचं वाटलं होतं. खरं सांगायचं तर माझ्या सोयीचं होतं. बाई "बरं सर" म्हणाल्या आणि वर्गावर गेल्या. पुढच्या वर्षी ती योजनाच बंद झाली.

मग नियम कडक झाले. अपात्र शिक्षक कागदावर दिसता कामा नये, असं मंडळाने बजावलं. मस्टरवर बाईंच्या नावापुढचं 'शिक्षिका' मी माझ्याच हाताने खोडलं आणि 'मदतनीस' लिहिलं. शिकवत मात्र त्याच होत्या.

अलीकडे शिक्षकांचा मान वाढवायचा म्हणून नावाआधी 'टीआर' लावायचं ठरलं, डॉक्टर 'डॉ.' लावतात तसं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? नवा शिक्का करून घेतला, फाटकाजवळ फलक रंगवून घेतला. फलकावर आम्हा तिघा पात्र शिक्षकांची नावं. बाई पेंटरजवळ उभ्या राहून काना-मात्रा तपासत होत्या. त्यांचं नाव कुठे लिहायचं, असं पेंटरने विचारलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

त्याच वर्षी जूनमध्ये पहिलीला डी.एड. झालेली शिक्षिका मिळाली. मुलगी चांगली आहे, मेहनती आहे, तिला दोष नाही. बाईंना मंडळाने नारळ आणि साडी देऊन निरोप दिला.

दिवाळीनंतर त्या अनुभवाचा दाखला मागायला आल्या. श्रीवर्धनला बालवाडी निघाली होती, तिथे काम मिळत होतं म्हणाल्या. माझ्या मनावरचं ओझं थोडं उतरवायची संधी आली असं मला वाटलं. मस्टर न उघडताच मी लिहिलं, 'एकोणीस वर्षे शिक्षिका म्हणून उत्तम काम केले.' कागद त्यांच्यापुढे सरकवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. डोळे भरून आले, पण कागद त्यांनी परत माझ्याकडे दिला.

"मस्टरवर हाय तेच लिहा, सर. आयाची जागा हाय. शिक्षिका दिसलं तर घ्यायचे न्हायत."

मी दुसरा कागद घेतला. 'मदतनीस' लिहिलं, सही केली आणि खाली शिक्का मारला. माझं नाव 'टीआर'सकट ठळक उमटलं. शाई ओली होती. बाईंनी हलकेच फुंकर घालून ती वाळवली आणि कागद पिशवीत ठेवला.