संमतीची चौकट

चौतीस वर्षं लोकांना "श्वास रोखा" असं सांगून झाल्यावर एक्स-रेवाले निवृत्त झाले आणि सहाच महिन्यांत त्यांची बायको गेली. माणूस दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतो हे पाहून लेकीनं त्यांना सुवचनांच्या एका ऑनलाइन संग्रहाचं सदस्य करून दिलं. ठिकठिकाणचे हौशी लोक तिथं वाक्यं जमवत, त्यांची विषयवार पानं लावत आणि प्रत्येक पानावर एखादं चित्र देत. सगळे टोपणनावानं वावरत. यांनी 'श्वासरोखा' हे नाव घेतलं. नकाशांच्या कचेरीत काम करणारी लेक तिथं आधीपासूनच 'मोजपट्टी' होती.

वर्षभरात एक्स-रेवाल्यांनी तिथं सगळ्यांना धारेवर धरलं. चित्रांच्या बाबतीत तर त्यांच्यापुढे कुणाची डाळ शिजत नसे. 'आशा'वरचा मावळता सूर्य त्यांनी काढला, 'मैत्री'वरची दोन मांजरं हाकलली. चित्राखाली त्याच पानावरची एक ओळ हवी आणि ती ओळ चित्रात दिसली पाहिजे, हा त्यांचा हेका. वाद झाला तर सात दिवस चर्चा करायची, मग मतं मोजायची. 'मला आवडत नाही' हे कारण धरायचं नाही, हा नियमही त्यांनीच मंजूर करून घेतला होता. एवढा कडक माणूस स्वतः चुकणार नाही असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. त्यांनी स्वतःही.

मग त्यांनी 'कष्ट' या पानावर एक छायाचित्र चढवलं. पांढऱ्या चादरीवर उघडे पडलेले दोन तळवे, बोटांच्या आतल्या बाजूला भाजल्याचे जुने काळपट डाग. खाली एका अनामिक कामगाराच्या पत्रातली ओळ: 'कष्टाच्या हातांना कुणी काही विचारत नाही.' सदस्य अक्षरशः भारावले. येत्या सोमवारी हे पान संग्रहाच्या दर्शनी भागात झळकणार असं ठरलं.

मंगळवारी सकाळी चहाचा कप हातात असतानाच एक्स-रेवाल्यांनी चर्चेचं पान उघडलं. तिथं मोजपट्टीची नोंद होती: "हे चित्र काढून टाकावं."

त्यांनी कप खाली ठेवला. चित्रात चेहरा नव्हता, पण भाजल्याचे डाग आणि चढवणाऱ्याचं नाव यांवरून लेकीनं आईचे हात ओळखले होते.

आई घराखालच्या गाळ्यात इस्त्रीचं दुकान चालवायची. अख्खी गल्ली तिला ओळखे, पण तिचे तळवे कुणी पाहिले नव्हते. कपड्यांचा गठ्ठा फळीवर ठेवला की हात फळीमागे. फोटो काढताना हात पाठीशी. शेवटच्या आजारात, दवाखान्यातल्या खाटेवर, झोपेत तेवढे ते उघडे पडले होते, आणि शेजारी बसलेल्या नवऱ्यानं खिशातून फोन काढला होता.

त्यांनी उत्तर लिहिलं: "कारण द्यावं. आवडनिवड हे कारण नव्हे."

लेक दोन गल्ल्या सोडून राहायची आणि संध्याकाळी जेवायला त्यांच्याकडे यायची. त्या दिवशीही आली.

"मीठ दे."

"घे."

बाकी ताट आणि वाटी यांचाच काय तो आवाज. ती भांडी विसळून गेली आणि अर्ध्या तासात पानावर तिची नोंद उमटली: "आपण चित्राचा स्रोत स्पष्ट केलेला नाही." घरी बापाला अरेतुरे करणारी पोरगी तिथं 'आपण' म्हणत होती, आणि तो 'आपण' त्यांना सुईसारखा टोचला. "स्रोत: स्वतः काढलेलं छायाचित्र," त्यांनी टाकलं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार असेच गेले. घरात मिठाची देवघेव, पानावर खडाजंगी. बाकीच्या सदस्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सहा जणांनी चित्र ठेवावं म्हणून मत दिलं आणि मोजपट्टी एकटी पडली.

शनिवारी तिनं विचारलं: "चित्र चढवताना आपण 'चित्रातील व्यक्तीची संमती आहे' या चौकटीत खूण केली आहे. संमती कधी घेतली?"

एक्स-रेवाल्यांनी दिवसभर उत्तर दिलं नाही. 'घेतली होती' एवढे दोन शब्द पुरे होते. खोटं पाडणारी एकटी लेकच, आणि ती चारचौघांत बापाला उघडं पाडणार नाही, हे ते पक्कं ओळखून होते. रविवारी दुपारी त्यांनी ते दोन शब्द लिहिलेही. ते पाठवणार तोच ती दारात उभी.

"उत्तर दिलं नाहीस."

"सगळ्यांसमोर विचारायला नको होतंस."

"मग घरात विचारते. विचारलं होतंस तिला?"

"झोपली होती ती."

"म्हणजे नाही."

"अगं, जन्म गेला तिचा त्या इस्त्रीपाशी. कुणाला कळायला नको?" त्यांचा आवाज चढला. "मी गेलो की कोण सांगणार?"

"तिला नको होतं, बाबा."

"तुला काय माहीत?"

"मला ताप आला की ती कपाळाला हात उलटा लावायची," लेक म्हणाली. "मलासुद्धा कधी तळवा दाखवला नाही तिनं. आणि सोमवारी सगळं जग तो बघणार."

एक्स-रेवाल्यांनी पडद्यावरच्या त्या दोन शब्दांकडे पाहिलं. आयुष्यभर त्यांनी हजारो हातांची चित्रं काढली होती. ती माणसं आपल्या पायांनी येऊन, स्वतः हात पुढे करून बसलेली असायची. बायकोनं हात पुढे केला नव्हता. त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी लिहिलेले दोन शब्द पुसले आणि लेकीच्या देखत नवं लिहिलं: "संमती घेतली नव्हती. मी खोटी खूण केली. चित्र काढून टाकत आहे."

पानावर गदारोळ उडाला. ज्यानं इतरांची शेकडो चित्रं काढून टाकली त्यानंच खोटी खूण करावी? कुणीतरी त्यांचा चित्रं तपासण्याचा अधिकार काढून घ्यावा असं सुचवलं. सगळ्यांत आधी त्यांनी स्वतःच 'मान्य' लिहिलं. 'कष्ट'च्या पानावर आता चित्राची जागा रिकामी होती.

मग त्यांनी फोन हातात घेतला. तिथलंही चित्र पुसायला अंगठा टेकवणार, तोच लेकीनं त्यांचं मनगट धरलं.

"थांब. आधी मला पाठव."

"तूच तर नको म्हणत होतीस."

"संग्रहात नको म्हटलं होतं मी."

चित्र तिच्या फोनवर आलं. दोन बोटांनी मोठं करत ती आईचा एकेक डाग बघत राहिली. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलंही नाही.

"हा अंगठ्याखालचा एवढा मोठा," तिनं विचारलं, "हा कधी भाजला तिला?"

एक्स-रेवाल्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला, फोन जवळ ओढून पाहिलं. बत्तीस वर्षांचा संसार होता.

"कुणास ठाऊक," ते म्हणाले. "मी कधी विचारलं नाही."