ढाल तेरडा आणि आमची खाजकुयली

दिवाळी झाली की आमची ठाकरवाडी रिकामी व्हायची. आईबाबा वीटभट्टीवर, आणि त्यांच्यामागे आमची शाळा बुडायची ती पावसापर्यंत. मी अशीच तुकड्यातुकड्यांनी शिकले. पनवेलच्या कॉलेजात नाव घातलं तेव्हा बाबा म्हणाले, "एकदा जरी नापास झालीस तं लगीन. मंग भट्टी हायेच."

तिथल्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंना पोरं खाजकुयली म्हणायची. हात लागला की दिवसभर आग. 'सेम' हा शब्द त्यांना चालत नसे. "सेम म्हणायला डोळे लागत नाहीत," त्या म्हणायच्या. कर्नाळ्याला झाडं बघायला गेलो तेव्हा एकाने सोनकी आणि कवला ही दोन फुलं एकच ठरवली. "मॅडम, दोन्ही पिवळीच की."

"तू आणि तुझा भाऊ, दोघंही गोरे. मग परीक्षेला त्यालाच पाठवत जा." वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत.

एकदा ऑफिसच्या खिडकीतून क्लार्क मला म्हणाला, "तुम्हा कातकऱ्यांचं काम उद्या." बाई मागेच उभ्या होत्या. "ती ठाकर आहे. इतकी वर्षं इथे बसून एवढंही कळत नाही?" कातकरी असण्यात कमीपणा नाही, भट्टीवर आमची चूल त्यांच्या शेजारीच पेटायची. पण समोरच्याकडे धड न बघता त्याला नाव द्यायचं, याचा मला आजही संताप येतो.

शेवटच्या वर्षी प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक आले. आम्ही वाळवून चिकटवलेल्या फुलांची फाईल ते चाळत होते. माझ्या फाईलीत तेरडा होता आणि पुढच्याच कागदावर वाडीमागच्या टेकडीवरचा ढाल तेरडा. त्यांनी दुसऱ्यावर लाल फुली मारली. "एकच झाड दोनदा चिकटवून फाईल भरलीय. या आदिवासींना सगळं फुकट हवं असतं." ही लबाडी ठरली असती तर मी नापास झाले असते.

बाई खुर्चीवरून उठल्या. "सर, चोर म्हणण्याआधी विचारा तरी. सांग गं."

मी सांगितलं. तेरड्याचं फूल खोडाला बिलगून येतं, पान अरुंद. ढाल तेरड्याचं फूल मोठं, सपाट, लांब देठावर. त्याचं पान रुंद, आणि पानालाही देठ.

"बरं, बरं," परीक्षक म्हणाले आणि फुलीवरच बरोबरची खूण केली. माफी नाही. "आता मघाशी जे बोललात तेही खोडा," बाई म्हणाल्या. परीक्षकांनी ऐकलं न ऐकलंसं करून पुढची फाईल ओढली.

बाई आता नाहीत. टेकडीही नाही, उलव्याच्या विमानतळाच्या भरावासाठी तोडली. मी तिथल्या मुकादमाला ढाल तेरड्याबद्दल विचारलं तर म्हणतो, "तेरडाच ना ताई? कुठेपण उगवतो." त्याला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या लाल फुलीच्या वर्षीच मी बी.एस्सी. झाले. आमच्या वाडीत माझ्याआधी कुणी झालं नव्हतं.